मेनविथ हिलच्या फाटकासमोर, ४ जुलैला

मेनविथ हिल हे नाव आमच्या गोव्यातल्या मये गावात कुणी ऐकलेलं असायचं काही कारण नाही. लंडन सगळ्यांना ठाऊक, आणि स्विंडनही, कारण गोव्यातली कितीतरी माणसं तिकडे कामाला गेलीत. लीड्सला लेकीकडे राहून परतले तेव्हा ज्याने त्याने लंडनचंच विचारलं. मी मात्र भेटेल त्याला यॉर्कशरमधल्या एका फाटकाची हकिकत सांगत होते, आणि त्यावरून शेजारच्या गजाननदादांशी चांगलाच वाद झाला. दादांची सगळी हयात दाबोळीला नौदलातल्या मुलकी नोकरीत गेली. "बाई, तुम्ही एवढ्या पोरांना शिकवलंत. लष्करी तळासमोर फलक धरून उभं राहणं तुम्हाला शोभतं का?" असं त्यांनी सरळच विचारलं. प्रश्न मनापासूनचा होता. बलकांवावर, म्हणजे ओसरीवर, बसून चहा संपेपर्यंत देता येईल असं त्याचं उत्तर नव्हतं, म्हणून इथे लिहिते.

आधी जागा सांगते. उत्तर इंग्लंडात हॅरोगेट नावाचं टुमदार शहर आहे. तिथून स्किप्टनच्या रस्त्याने पश्चिमेला बारा-तेरा किलोमीटर गेलं की मेंढ्यांची कुरणं लागतात, कुरणांमध्ये नुसत्या दगडावर दगड रचलेले बांध, झाडं फारशी नाहीत, वारा मात्र सतत. आणि अचानक, त्या हिरव्या उतारावर, पांढरेशुभ्र घुमट. पहिल्या पावसानंतर आपल्याकडे रानात अळमी उगवतात तसे, एकाला लागून एक, पण एकेक घुमट घराएवढा. तीसच्या वर आहेत. प्रत्येकाच्या आत एक मोठी ताटली-अँटेना असते. घुमटामुळे तिचं वाऱ्यापावसापासून रक्षण होतं, आणि ती आकाशात नेमकी कुठे तोंड करून आहे हेही बाहेरच्याला कळत नाही.

फाटकावरच्या पाटीवर नाव ब्रिटिश हवाई दलाचं. प्रत्यक्षात हा तळ १९६० मध्ये अमेरिकन लष्कराने सुरू केला आणि १९६६ पासून तो एनएसएच्या, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेच्या ताब्यात आहे. काम ऐकण्याचं. इतर देशांच्या दळणवळण उपग्रहांवरून जाणारे फोन, संदेश आणि इंटरनेटची वाहतूक इथे पकडली जाते. शिवाय अमेरिकेचे स्वतःचे हेर-उपग्रह वरून जे ऐकतात, ते इथे खाली उतरतं. हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. १९८० मध्ये डंकन कॅम्पबेल आणि लिंडा मेलव्हर्न या पत्रकारांनी 'न्यू स्टेट्समन'मध्ये ते पहिल्यांदा तपशिलात छापलं. पुढे २००१ मध्ये युरोपीय संसदेच्या समितीने 'एशलॉन' नावाच्या ऐकण्याच्या जाळ्याबद्दल अहवाल दिला. एनएसएसाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेनने बाहेर काढलेल्या कागदपत्रांवरून २०१६ मध्ये 'द इंटरसेप्ट'ने या तळाच्या आतलं बरंच काही उघड केलं. मध्यपूर्वेतल्या एखाद्या इंटरनेट कॅफेत बसलेल्या माणसाचा ठावठिकाणा इथून काढता येतो, आणि तो माणूस पकडण्यासाठी किंवा मारण्यासाठी ही माहिती वापरली जाते, असं त्या कागदांत होतं. सरकारला विचारलं की वर्षानुवर्षं ठरलेलं उत्तर मिळतं: या तळाच्या कामकाजाबद्दल आम्ही तपशील देत नाही.

लेक तिथे रुग्णालयात आहे. तिच्या वॉर्डातल्या एक ज्येष्ठ परिचारिका दर ४ जुलैला या फाटकासमोर जातात. अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी तिथे 'अमेरिकेपासून स्वातंत्र्य' या नावाने मेळावा भरतो. लेकीने मला विचारलं, "आई, येशील? कंटाळा येईल कदाचित." मी म्हटलं, मला फलक करायला पुठ्ठा दे.

पुठ्ठा कुठल्याशा कपाटाच्या खोक्याचा मिळाला. जेवणाच्या टेबलावर तो पसरून मी फळ्यावर लिहायचे तशा मोठ्या अक्षरांत मराठीत लिहिलं: 'आमचं बोलणं आमचं आहे.' खाली लेकीने तेच इंग्रजीत लिहिलं. शाई सुकेपर्यंत नात अनुस्वारांवरून बोट फिरवत बसली होती, तिला बाजूला करावं लागलं. फलकाच्या मागच्या बाजूला मी माझं पूर्ण नाव आणि 'मये, डिचोली, गोवा' असं लिहिलं. लेक म्हणाली, नाव कशाला? मला ते हवं होतं. जी जागा स्वतःचं खरं नाव पाटीवर लावत नाही, तिच्यासमोर उभं राहायचं तर आपलं नाव-गाव उघड असावं.

पन्नास-साठ माणसं होती. मोर्चा म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जे येतं त्यातलं तिथे काही नव्हतं. ध्वनिक्षेपक एकच, तोही लहान. घडीच्या खुर्च्या, थर्मास, डब्यांतून आणलेले केक. बहुतेक माणसं साठीच्या पुढची, निवृत्त शिक्षक, परिचारिका, एक बसचालक. क्वेकर या ख्रिस्ती पंथाची बरीच मंडळी होती. ही माणसं प्रार्थनेला एकत्र बसतात आणि बहुतेक वेळ गप्प असतात. ब्रॅडफर्डहून आलेले एक वयस्कर मुसलमान गृहस्थ मला साडीत बघून मुद्दाम जवळ आले. पाकिस्तानच्या ताब्यातल्या काश्मीरमधल्या मीरपूरकडचे. मंगला धरणात घरदार गेलं म्हणून साठच्या दशकात वडील इकडे आले, असं म्हणाले. आमचं बोलणं हिंदी-उर्दूत चाललं. "बहनजी, घरी फोन करताना आम्ही आपोआप आवाज खाली करतो," ते म्हणाले. "कुणी ऐकत असेल नसेल, सवयच लागली." त्यांचं हे वाक्य मला त्या दिवसातल्या सगळ्या भाषणांपेक्षा जड वाटलं. न केलेल्या गुन्ह्यासाठी माणूस स्वतःच्याच घरात कुजबुजायला लागतो. पाळतीचं काम तिथेच फत्ते होतं, कुणी प्रत्यक्षात ऐको वा न ऐको.

कुंपण दुहेरी आहे, वर काटेरी तारेची वेटोळी. मेंढ्या अगदी तारेला खेटून चरतात. खालच्या जाळीत त्यांच्या लोकरीचे पुंजके अडकलेले, काही ताजे पांढरे, काही पावसाने मळून राखाडी झालेले. मी एक पुंजका बोटांनी सोडवून घेतला तर तो तेलकट लागला. तेवढ्यात आतल्या बाजूने पोलिसांची गाडी हळूहळू आली, थांबली, आणि पुढे गेली. आपल्या डोक्यावरच्या आकाशात काय चाललंय हे त्या मेंढीलाही कळत नाही आणि तिच्या मालकालाही, जो ब्रिटनचा मतदार आहे आणि ज्याच्या देशात ही जमीन आहे.

मयेकरांना हे वेगळं समजावून सांगायला नको. आमच्या गावची बहुतेक जमीन पोर्तुगीज काळात एका कोंदाच्या, म्हणजे सरदाराच्या नावावर होती. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, कोंद पोर्तुगालला राहिला, आणि जमीन स्थलांतरितांची मालमत्ता ठरली. पिढ्यान्‌पिढ्या कसणारे, राहणारे आम्ही, आणि कागद भलत्याचा. घराचं छप्पर बदलायचं तरी कुणाची परवानगी घ्यायची हा प्रश्न. या जमिनीबद्दलचा कायदा व्हायला २०१४ उजाडलं, आणि तोवर गावाने किती सभा घेतल्या, किती निवेदनं दिली, त्याला गणती नाही. म्हणून ब्रिटिश पाटीमागे अमेरिकन कारभार हे ऐकल्यावर मला ते राजकारणाच्या पुस्तकातलं वाटलं नाही. जमीन इथल्यांची आणि तिच्यावर काय होतं ते इथल्यांनी विचारायचं नाही, हे दुखणं माझ्या ओळखीचं होतं.

आणि विचारलं जात नाही ते नुसतं सामान्यांकडूनच नव्हे. अमेरिकेच्या क्षेपणास्त्र-संरक्षण यंत्रणेत मेनविथ हिलचा वापर होईल, हे ब्रिटिश सरकारने २००७ च्या जुलैमध्ये एका लेखी निवेदनातून जाहीर केलं. संसदेला उन्हाळ्याची सुटी लागायला आली होती. चर्चा नाही, मतदान नाही. लोकांनी निवडून दिलेल्या माणसांनाही कागद हातात पडल्यावरच कळलं.

हे सगळं कळलं तरी कसं, हे मी तिथे बसलेल्या एका आजीबाईंना विचारलं. गुडघ्यांवर शाल, हातात विणकाम. त्यांनी मला १९९० च्या दशकातली गोष्ट सांगितली. तळाबाहेर बायकांनी शांतता-छावणी टाकली होती, जुन्या गाड्यांत आणि तंबूंत राहत, थंडीपावसात. १९९७ मध्ये त्यांपैकी दोघींवर, हेलन जॉन आणि अ‍ॅन ली यांच्यावर, तळात शिरल्याचा खटला यॉर्कच्या न्यायालयात अपिलात चालला. त्या सुनावणीत ब्रिटिश टेलिकॉमच्या अधिकाऱ्याच्या साक्षीतून बाहेर आलं की तळाला देशाच्या टेलिफोन जाळ्यातून थेट मोठ्या केबल जोडलेल्या आहेत, आणि एकेका केबलमधून एका वेळी १ लाख फोन जाऊ शकतात. न्यायालयात ते बोललं गेलं आणि मग परत घेता येईना. दोन बायका कुंपण ओलांडतात, त्यांच्यावर खटला भरला जातो, आणि सरकारने इतकी वर्षं न सांगितलेली गोष्ट त्या खटल्यात नोंदली जाते. आजीबाई हे सांगताना विणकाम थांबवत नव्हत्या. कायदा मोडावा की नाही यावर माझं मत वेगळं आहे, मी स्वतः तारेला हात लावून मागे फिरणारी बाई आहे. पण उघडपणे मोडून, पकडून घेऊन, न्यायाधीशासमोर उभं राहून कारण सांगायचं, याला आपण सत्याग्रह म्हणतो, आणि त्याची किंमत गोव्याला माहीत आहे.

या चळवळीत लिंडिस पर्सी हे मोठं नाव. पेशाने परिचारिका, सुईण. अ‍ॅनी रेनबो यांच्याबरोबर त्यांनी अमेरिकन तळांचा हिशेब मागणारी मोहीम उभी केली, आणि वर्षानुवर्षं दर मंगळवारी संध्याकाळी या फाटकाशी माणसं उभी राहत आली. पर्सींना शेकडो वेळा अटक झाली. त्यांचा एक खटला मला अजून सोडत नाही. दुसऱ्या एका तळाबाहेर, फेल्टवेलला, त्यांनी अमेरिकेच्या झेंड्यावर घोषणा लिहिली, तो एका गाडीसमोर रस्त्यावर टाकला आणि त्यावर पाय देऊन उभ्या राहिल्या. खालच्या न्यायालयाने दोषी ठरवलं. २००१ मध्ये उच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली, कारण इतरांना अपमानास्पद वाटेल असं मत मांडण्याचाही हक्क अभिव्यक्तिस्वातंत्र्यात येतो.

त्या दिवशी आमच्यासमोरही एक अमेरिकन झेंडा होता, उलटा धरलेला, पट्ट्यांवर काळ्या अक्षरांत घोषणा. माझ्या शेजारच्या बाईने त्याचं एक टोक धरायला मला खुणावलं. मी मान हलवून नाही म्हटलं. मला ते जमणार नव्हतं, अजूनही जमणार नाही. माझ्या मनात गोव्याच्या सीमेवरची पत्रादेवी होती. १५ ऑगस्ट १९५५ ला तिथून निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले तेव्हा सहोदराबाई राय यांच्या हातात तिरंगा होता. गोळी लागली तरी त्यांनी झेंडा सोडला नाही. पंजाबचा तरुण करनैलसिंग पुढे झाला आणि तिथेच पडला. त्या दिवशी गोव्याच्या सीमांवर वीसच्या वर माणसं मेली. शाळेत दर वर्षी हे शिकवताना माझा आवाज बसायचा. झेंडा म्हणजे ज्याच्यासाठी माणसं मरतात ते, मग तो कुणाचाही असो. पण झेंड्याच्या खटल्यात पर्सींची शिक्षा रद्द करणारा कायदा बरोबर आहे, हेही मला तितकंच पटलेलं आहे. पोर्तुगीज राज्यात झेंड्याचा मान राखण्याची सक्ती होती आणि माणसाचा मान राखण्याची नव्हती, त्यातून काय झालं ते आपण पाहिलंय. शेजारच्या बाईला मी हे मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. तिने ते टोक दुसऱ्याच्या हातात दिलं आणि माझ्या फलकाशेजारी येऊन उभी राहिली.

संध्याकाळी पाळी सुटली. फाटक उघडून गाड्या बाहेर येऊ लागल्या. चालवणारे बहुतेक तरुण, नजर सरळ रस्त्यावर. कुणी त्यांना शिव्या दिल्या नाहीत, रस्ता अडवला नाही. आम्ही फलक धरून कडेला उभ्या. एका गाडीत केस घट्ट बांधलेली एक पोरगी होती, माझ्या लेकीपेक्षा लहान असेल. तिने आमच्याकडे बघितलं, स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलली आणि निघून गेली. कुणाची तरी मुलगी, नोकरीसाठी घरापासून सात समुद्र लांब आलेली. तिच्यावर माझा राग नाही.

एक तरुण पोलीस मघापासून माझा फलक बघत होता. जवळ येऊन भाषा कुठली ते विचारलं. मराठी म्हटल्यावर त्याने वही काढली. मी फलक उलटा करून मागचं नाव-गाव दाखवलं आणि 'डिचोली' कसं लिहायचं ते अक्षर अक्षर सांगितलं. त्याने लिहून घेतलं, धन्यवाद म्हणाला. लेक परतीच्या वाटेवर काळजीत होती, उद्या व्हिसाला काही झालं तर? मला भीती वाटली नाही असं नाही. पण वहीत नाव लिहिणारा माणूस मला दिसत होता, मी त्याला दिसत होते. माझा त्याच्याशी झगडा नाही. झगडा आहे तो न दिसणाऱ्या वहीशी.

या वहीत आपणही आहोत, गोव्यातले, भारतातले. स्नोडेनच्या कागदांवरून 'गार्डियन'ने २०१३ मध्ये छापलं होतं की त्या वर्षीच्या एकट्या मार्च महिन्यात एनएसएने भारतातून ६३० कोटी नोंदी गोळा केल्या. इराण, पाकिस्तान, जॉर्डन, इजिप्त आणि मग पाचवे आपण. तो आकडा सगळ्या एनएसएचा आहे, मेनविथ हिलचा किती हिस्सा ते त्यात नाही. तरी लेकीला फोन लावून गणपतीला माटोळी (मूर्तीवरची फळाफुलांची सजावट) कशी बांधली ते सांगताना आता मला ते घुमट आठवतात.

आमच्या घरात ही गोष्ट जुनीच. पोर्तुगीज हुकूमशहा सालाझारच्या राज्यात छापायच्या प्रत्येक गोष्टीला आधी सेन्सॉरची मंजुरी लागे, लग्नपत्रिकेलासुद्धा. आईवडिलांचं लग्न त्या काळातलं. वडील सांगायचे, मुहूर्त जवळ आला तरी पत्रिकेचा मजकूर मंजूर होऊन येईना. शेवटी आजोबांनी पाहुण्यांकडे माणसं धाडून तोंडी आमंत्रणं केली. दोन कुळांची नावं, तिथी, स्थळ, 'आपले कृपाभिलाषी', यात राज्य उलथवण्यासारखं काय होतं? काही नव्हतं. पण प्रत्येक घराला कळत होतं की तुमच्या मंगलकार्याचा कागदही आम्ही वाचतो. मामा पुढे पत्रकं वाटताना सापडला आणि आग्वादच्या तुरुंगात गेला. सुटून आल्यावरही कित्येक वर्षं तो घरात हळू बोलायचा, मामी ओरडायची, "आता पाखले (पोर्तुगीज) गेले, मोठ्याने बोल!" ब्रॅडफर्डच्या त्या गृहस्थांचं वाक्य ऐकताना मला मामाचाच आवाज ऐकू आला होता.

म्हणून १८ जून १९४६ माझ्यासाठी नुसतं पणजीतल्या रस्त्याचं नाव नाही. भर पावसात मडगावला डॉ. राममनोहर लोहिया आणि डॉ. ज्युलियांव मिनेझिस उभे राहिले तेव्हा त्यांनी काय मागितलं? सभा घेण्याचा हक्क, बोलण्याचा हक्क. प्रशासकीय अधिकारी कॅप्टन मिरांडाने पिस्तूल काढलं, लोहियांनी त्याचा हात बाजूला सारला. बंदी होती हे जमलेल्या सगळ्यांना माहीत होतं. तरी माणसं आली, आणि लपून आली नाहीत.

आता गजाननदादांकडे येते. त्यांचं म्हणणं असं: "बाई, देशाला गुपितं ठेवावीच लागतात. शत्रूला सगळं दाखवून लढाई होते का? उद्या लोक दाबोळीच्या फाटकावर येऊन बसतील." मी त्यांना अंजदीवचं विचारलं. अंजदीव बेट कारवारसमोर असलं तरी गोव्याचं. १९६१ च्या डिसेंबरात ते घेताना भारतीय नौदलाचे सात जवान पडले. त्यांच्याबद्दल माझ्या मनात जे आहे ते दादांच्या मनात असेल तितकंच आहे, आणि गुपितं लागतात हेही मी मानते. जहाज कधी निघणार, कुठे जाणार, हे मला कळायला नको. पण तळ कुणाचा, तो कुणाला उत्तर देतो, त्याच्या कामात माझ्या घरातलं बोलणं येतं का, हे कळायला हवं. आपला तळ असेल तर आपला खासदार निदान प्रश्न टाकू शकतो. मेनविथ हिलला ब्रिटिश खासदाराने विचारलं तरी उत्तर येत नाही आणि कारभार दुसऱ्याच देशाच्या संस्थेचा, हा फरक दादांनी मान्य केला. "एवढं बरोबर," असं म्हणाले.

मग मीच पुढे गेले. अंजदीववर पोर्तुगीज काळातलं झऱ्यांच्या सायबिणीचं चर्च आहे. आमच्या शाळेतल्या फिलोमेना टीचर मूळच्या काणकोणच्या. लहानपणी फेब्रुवारीत होडीने फेस्ताला जायच्या, होडीत शेजारपाजारचे हिंदूही असायचे. बेट नौदलाकडे गेलं आणि पुढे फेस्ताची ती वाट बंद झाली. देशरक्षणाला बेट हवं, मान्य. पण वर्षातून एक दिवस, ओळखपत्रं तपासून, मोजक्या माणसांना सोडता येईल का, एवढं विचारायला हातात फलक घेऊन काणकोणच्या बायका उभ्या राहिल्या तर त्या देशद्रोही का? दादा बराच वेळ गप्प बसले. "तो निराळा प्रश्न आहे," म्हणाले. मला तो निराळा वाटत नाही. आमचं तिथे अडलंय, अजून मिटलेलं नाही, आणि त्यावर मी पुन्हा बोलणार आहे.

गोव्याला असं उभं राहायला शिकवायची गरज नाही. १९९५ मध्ये नायलॉन ६,६ च्या कारखान्याविरुद्धच्या आंदोलनात केरीला पोलिसांच्या गोळीबारात नीलेश नाईक मारला गेला, तेव्हा आम्ही शिक्षक शाळा सुटल्यावर फोंड्याला जायचो. २०२० च्या नोव्हेंबरात चांदोरला रेल्वेच्या दुपदरीकरणाविरुद्ध रात्रभर रुळांवर बसलेली हजारो माणसं आठवा, गाणी म्हणत, मेणबत्त्या लावून. यॉर्कशरच्या त्या पन्नास-साठ जणांकडे एवढी गर्दी कधी नव्हती, पण ते पुन्हा पुन्हा येत राहिले. निकाल लागला नाही, घुमट कमी व्हायच्या ऐवजी वाढले, तरी येत राहिले. त्यांच्याकडून मला हे शिकायचं आहे. आपण एका रात्री जमतो आणि मग वर्षभर घरी बसतो.

लेकीने पुढच्या ४ जुलैचा दिवस आत्ताच रजेसाठी मागून ठेवलाय. माझा पुठ्ठा तिच्याकडेच आहे.

इथे माझं एक काम सुरू आहे, त्यात वाचणाऱ्यांची मदत हवी. सेन्सॉरच्या मंजुरीसाठी गेलेल्या लग्नपत्रिका, नाटकाच्या जाहिराती, भजनाच्या कार्यक्रमांची पत्रकं, देवळांच्या उत्सवाची आमंत्रणं, असे कागद मी गोळा करते आहे. आमच्या घरची पत्रिका उरली नाही, एका पावसाळ्यात पेटीसकट भिजली. डिचोली, सत्तरी, पेडणे, फोंडा, कुठल्याही माळ्यावर असा कागद निघाला तर फेकू नका. मूळ कागद मला नको, फोटो पुरे, आणि तो कुणाच्या लग्नाचा, कुठल्या गावचा, मंजुरी यायला किती वेळ लागला, हे घरातल्या जाणत्या माणसाला विचारून सोबत लिहा. ती माणसं आता नव्वदीला टेकली आहेत. या चतुर्थीला सगळे घरी जमाल तेव्हाच विचारा.